बारा महिन्यांचा हिशेब
(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

 

आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओचा आवाज बारीक करतील, म्हणून आधीच सांगतो, जरा दम धरा. आज आम्ही क्रिकेटबद्दल बोलणार आहोत. खेळणार पोरं, बघणार पुरुष, आणि चहा करणार आपण. मग आपल्याला त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण ही गोष्ट खेळाची कमी आणि मजुरीची जास्त आहे. कामाचा दर कोण ठरवतं, हंगाम संपल्यावर चूल कशी पेटते, आणि "एवढ्यात परवडत नाही, मी येत नाही" असं तोंडावर सांगणाऱ्या माणसाला जग काय नावं ठेवतं, याची ही गोष्ट आहे.

माणसाचं नाव सिडनी बार्न्स. देश इंग्लंड. जन्म १९ एप्रिल १८७३, गाव स्मेदिक, परगणा स्टॅफर्डशायर. हा सगळा मुलूख कामगारांचा. कुठे कोळशाच्या खाणी, कुठे लोखंड-पितळेचे कारखाने, आणि स्टोक भागात चिनी मातीच्या भांड्यांच्या भट्ट्या. बार्न्सचे वडीलही धातूच्या कारखान्यात कामाला होते. घरची जमीनजुमला नाही, वशिला नाही. हातात कसब होतं, तेवढंच.

आता तिथली व्यवस्था समजून घेऊ. आपल्याकडे जिल्हे, तशा इंग्लंडात काउंट्या. प्रत्येक काउंटीचा क्रिकेटचा संघ असतो. पण सगळ्या काउंट्यांना एकच मान नाही. लँकेशायर, यॉर्कशायर, सरे अशा मोजक्या काउंट्या वरच्या वर्गातल्या. त्यांचे सामने तीन-तीन दिवस चालायचे, पेपरात रकाने भरून यायचे, आणि देशाचा संघ निवडणारे लोक तिथेच बघायला बसायचे. बाकीच्या काउंट्यांना म्हणायचे मायनर काउंट्या. मायनर म्हणजे धाकट्या, दुय्यम. त्यांची स्पर्धा १८९५ साली सुरू झाली. सामने दोन दिवसांचे, गर्दी बेताची. स्टॅफर्डशायर ही अशीच एक धाकटी काउंटी. आपल्या बार्न्सची बहुतेक हयात या धाकट्या काउंटीत आणि गावोगावच्या क्लबांत गेली. तरी जगातल्या सगळ्यात मोठ्या गोलंदाजांत त्याचं नाव घेतात. हे कसं घडलं आणि त्याने असं का केलं, हे बघण्यासारखं आहे.

त्या काळात इंग्लंडात एकाच संघात दोन जातीचे खेळाडू असत. जात म्हणजे आपल्यासारखी जन्माची नव्हे, पण भेद मात्र पक्का. एक "जेंटलमन", म्हणजे हौशी. घरचे खातेपिते, खेळाचे पैसे घेत नाहीत म्हणून त्यांचा मान मोठा. दुसरे "प्लेअर", म्हणजे पगारी. खेळून पोट भरणारे. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. कित्येक मैदानांवर आत यायची दारंही वेगळी. कर्णधार बहुतेक करून हौशीच असायचा. छापील गुणपत्रकात हौशी खेळाडूच्या नावाआधी मानाने आद्याक्षरं, आणि पगाऱ्याचं नुसतं आडनाव, नाहीतर आद्याक्षरं शेवटी. म्हणजे शेतावर मालकाला "रावसाहेब" आणि गड्याला "ए गण्या", तोच प्रकार.

आणि गंमत ऐका. पैसे न घेणारे हे हौशी खरंच पैसे घेत नव्हते का? त्या काळचे सगळ्यात नावाजलेले हौशी खेळाडू डॉ. ग्रेस. १८९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांना ३,००० पौंड मिळाले. नाव "खर्चाचं". पगारी खेळाडूला एका कसोटी सामन्याचे मिळत होते १० पौंड. १८९६ साली लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाशी सामना होता. पाच पगारी खेळाडूंनी मिळून मागणी केली, आम्हाला १० ऐवजी २० पौंड द्या. मंडळींनी साफ नकार दिला. पाचातल्या तिघांनी मागणी मागे घेतली आणि खेळले. दोघे अडून राहिले, त्यांना वगळून सामना झाला. पाचजण उभे राहिले आणि तीन बसले की पुढे काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. खुरपणीचा दर वाढवून मागताना आपण हे बांधावर पाहतोच.

अशा दिवसांत बार्न्स मैदानात उतरला. वीस-एकवीस वर्षांचा असताना तो वॉरिकशायरकडून मोजके सामने खेळला. पण तिथे काही खरं दिसेना. मग १८९५ साली तो लँकेशायरमधल्या रिश्टन नावाच्या गावी गेला. तिथे गिरण्यांचा मुलूख. कापड गिरण्यांना शनिवारी अर्धी सुट्टी असायची. दुपारी भोंगा झाला की बायाबापड्या, गडीमाणसं, पोरंटोरं सगळी आपल्या गावच्या मैदानावर. गावागावांच्या या सामन्यांना लीग म्हणत. प्रत्येक गावाच्या क्लबात सगळे स्थानिक कामगार, आणि एकच खेळाडू पगारी ठेवलेला. तो पोरांना शिकवणार, खेळपट्टी राखणार, आणि शनिवारी सामना जिंकून देणार. रिश्टनने बार्न्सला आठवड्याला साडेतीन पौंड दिले, त्यात मैदान राखायचं कामही आलं. शिवाय खेळ रंगला की लोकांत टोपी फिरायची. कुणी पेनी टाकायचा, कुणी शिलिंग. वरच्या काउंटीचा मान यात नव्हता. पण आठवड्याचा पैसा ठरलेला होता आणि तो हातात पडत होता.

आता त्याचं कसब काय होतं ते सांगतो. क्रिकेटमध्ये एक गोलंदाज जोरात चेंडू टाकतो, दुसरा हळू टाकून वळवतो. जोरही आणि वळणही, दोन्ही एकदम जमणं फार अवघड. बार्न्स सहा फुटांवर उंच, पंजा मोठा, बोटं लांब. भोवरा हातावर घ्यायच्या आधी पोरं बोटांनी कशी गिरकी देतात, तशी तो चेंडूला नुसत्या बोटांनी गिरकी द्यायचा. मनगट फारसं वळवायचा नाही, त्यामुळे चेंडू कुठे वळणार ते समोरच्याला आधी कळायचंच नाही. आणि हे सगळं चांगल्या वेगात. हे त्याला कुणी मोठ्या गुरूने शिकवलेलं नाही. शनिवारच्या शनिवार, गावच्या मैदानावर, स्वतःच घोटून घोटून त्याने ते साधलं.

१९०१ साली तो बर्नली गावच्या क्लबात होता. लँकेशायरचा कर्णधार होता आर्ची मॅकलॅरन, आणि तोच इंग्लंडचा संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला निघणार होता. त्याने बार्न्सला सरावाच्या जाळीत बोलावलं आणि स्वतः बॅट घेऊन समोर उभा राहिला. चेंडू कधी अंगावर येतो, कधी ग्लोव्हजवर आदळतो. मॅकलॅरनला काय समजायचं ते समजलं. वरच्या वर्गाचे दहा सामनेसुद्धा न खेळलेल्या या माणसाला त्याने थेट ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसवलं. इंग्लंडातले लोक विचारायला लागले, हा बार्न्स कोण? उत्तर मिळायला वेळ लागला नाही. पहिल्या दोन कसोटी सामन्यांत मिळून त्याने १९ बळी घेतले. तिसऱ्या सामन्यात गुडघा दुखावला आणि त्याचा दौरा संपला. इंग्लंडने पुढचे सामने हरले.

परतल्यावर त्याने १९०२ आणि १९०३ असे दोन हंगाम लँकेशायरसाठी काढले. १९०३ मध्ये १३१ बळी घेतले. आता याला वर वर चढायचं सोडून दुसरं काही सुचेल असं कुणाला वाटलं नसेल. पण त्याच वर्षाच्या शेवटी त्याने पुढच्या हंगामाच्या करारावर सही केली नाही. पैशांवरून आणि पुढच्या हमीवरून क्लबशी जमेना.

मैत्रिणींनो, इथे थांबून त्याचा हिशेब आपण आपल्या पद्धतीने मांडू. वरच्या काउंटीचा हंगाम साधारण मे ते ऑगस्ट-सप्टेंबर. चार-साडेचार महिने, आठवड्यातले सहा दिवस खेळ, आज या गावी उद्या त्या गावी प्रवास. अंग मोडून जायचं. आणि थंडी पडली की काम बंद. मग सात-साडेसात महिने खायचं काय? पाय मोडला तर? पस्तिशी ओलांडली तर? बक्षिसाचा सामना करून देऊ, पुढे बघू, असा मोघम शब्द मिळायचा, तोही पाळला जाईल याची खात्री नाही. उलट गावच्या लीगमध्ये आठवड्यातून एक दिवस खेळ, पैसा ठरलेला, आणि बाकीचे दिवस दुसऱ्या कामाला मोकळे. बार्न्सचं अक्षर सुंदर होतं. तो कारकुनी करू शकत होता. म्हणजे एका हाताला हंगामी काम आणि दुसऱ्या हाताला बारमाही. त्याने पगाराचा आकडा हंगामाने मोजला नाही, बारा महिन्यांनी मोजला. आणि तो हिशेब करून त्याने मोठी काउंटी सोडली, गावच्या क्लबात गेला, आणि मधल्या दिवसांत आपल्या जन्मगावच्या धाकट्या स्टॅफर्डशायरसाठी खेळू लागला.

लोक काय म्हणाले असतील? म्हणाले, पैशाचा लोभी आहे. आडमुठा आहे. खेळाचा मान कळत नाही. खरं सांगायचं तर बार्न्स गोड स्वभावाचा नव्हता. कमी बोलायचा, हसणं माहीत नव्हतं, कर्णधारालाही उलट जबाब द्यायचा. एक किस्सा सांगतात. समुद्रात वादळ झालं, बोट हेलकावे खाऊ लागली, तेव्हा कर्णधार गमतीने म्हणाला म्हणे, आपण बुडालो तरी निदान हा बार्न्सही बुडेल. इतका तो जाचायचा! पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हौशी खेळाडू कामधंद्यामुळे दौऱ्यावर आला नाही तर लोक म्हणत, त्यांना सवड नाही. पगारी माणूस तेच म्हणाला की तो आडमुठा. मालकाने भाव केला तर तो व्यवहारी, मजुराने केला तर माजोरी. हे इंग्लंडातच होतं असं थोडंच आहे?

या निर्णयाची किंमतही त्याने मोजली. १९०२ च्या उन्हाळ्यानंतर १९०७ च्या डिसेंबरपर्यंत, पाच वर्षांहून जास्त, तो इंग्लंडच्या संघात नव्हता. गोलंदाजाच्या अंगात जोर असण्याची ती वर्षं. पण धाकट्या काउंटीत तो काय करत होता ते आकड्यांत बघा. स्टॅफर्डशायरसाठी मायनर काउंटी स्पर्धेत त्याने एकूण १,४४१ बळी घेतले, आणि एका बळीमागे दिलेल्या धावा सरासरी ८.१५. चांगला गोलंदाज एका बळीला वीस-पंचवीस धावा देतो. याने आठ. प्रतिस्पर्धी दुबळे होते, असं कुणी म्हणेल. मग देशाच्या संघातले आकडे बघा. २७ कसोटी सामने, १८९ बळी, सरासरी १६.४३. धाकट्यांत जसा, तसाच थोरांत.

१९११ साल तर ऐकण्यासारखं आहे. त्या उन्हाळ्यात आपल्याकडून पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज. त्या संघात पुण्यात घडलेले एक गोलंदाज होते, पालवणकर बाळू. चांभार समाजातले. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी टाकत ते तयार झाले. पुढे हिंदूंच्या संघात त्यांना घेतलं, तेव्हा मैदानात त्यांच्या हातचा चेंडू चालायचा, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. इंग्लंडात बार्न्सच्या वाटेवर वर्गाची भिंत होती. बाळूंच्या वाटेवर तर वर्गाची, वर्णाची आणि जातीची, अशा तीन. तरी त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. एकाच उन्हाळ्यात, एकाच देशाच्या मैदानांवर, खालच्या पायरीवर ठेवलेली ही दोन माणसं वरच्यांना बाद करत होती.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात होता. ३० डिसेंबर १९११, मेलबर्न. बार्न्सने पहिली पाच षटकं टाकली. धाव दिली एक, आणि बळी घेतले चार. चारही नावाजलेले फलंदाज. ऑस्ट्रेलियाची अवस्था ४ बाद ११. प्रेक्षक त्याला हुर्यो करू लागले, तेव्हा बार्न्सने चेंडू खाली टाकला, हाताची घडी घातली आणि गोंगाट थांबेपर्यंत गोलंदाजी केली नाही. त्या मालिकेत त्याने ३४ बळी घेतले आणि इंग्लंड ४-१ असं जिंकलं.

दोन वर्षांनी तो दक्षिण आफ्रिकेत गेला. तेव्हा वय चाळीस. जोहान्सबर्गला एका सामन्यात १५९ धावांत १७ बळी. चार सामन्यांत मिळून ४९ बळी. एका मालिकेतला हा विक्रम आज शंभरावर वर्षं झाली तरी कुणाला मोडता आलेला नाही. आणि पाचवा सामना? पाचवा तो खेळलाच नाही. पुन्हा पैशांवरून व्यवस्थापकांशी वाद झाला. पन्नासावा बळी समोर दिसत होता, इतिहासात नाव पक्कं होत होतं, आणि हा गडी म्हणाला, ठरल्याप्रमाणे होत नसेल तर मी येत नाही. त्यानंतर महायुद्ध आलं. बार्न्स देशासाठी पुन्हा कधी खेळला नाही.

तुम्ही म्हणाल, एक सामना खेळला असता तर काय बिघडलं असतं? आमच्यातही यावर दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, एवढं मोठं काम हातातोंडाशी आलेलं, तेव्हा माणसाने जरा नमतं घ्यावं. काहीजणी म्हणाल्या, नेमकं तेव्हाच नमतं घ्यायला लावतात. "आता शेवटचं राहिलंय, एवढं करून टाक, पैशाचं मागनं बघू." हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलं नाही? यावर तुमच्या गटातही वाद होऊ द्या.

देशाचा खेळ संपला, पण बार्न्सचं काम थांबलं नाही. युद्धाच्या वर्षांत आणि नंतर तो सॉल्टेअर गावच्या क्लबात खेळला. १९२४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, पुन्हा स्टॅफर्डशायरच्या संघात आला, आणि साठी ओलांडेपर्यंत तिथे खेळला. १९२८ साली वेस्ट इंडीजचा संघ आला होता. वेल्सकडून खेळताना ५५ वर्षांच्या बार्न्सने त्यांचे १२ बळी घेतले. हा हिशेबाचा दुसरा भाग. आठवड्यातले सहा दिवस राबून ज्यांची शरीरं तिशी-पस्तिशीत थकली, ते कधीच घरी बसले होते. बार्न्सने अंग जपून वापरलं. म्हणून ते चाळीस वर्षं चाललं.

आणि दुसरा हात? तोही चालूच. स्टॅफर्डशायर काउंटी कौन्सिलच्या कचेरीत कायद्याचे दस्तऐवज सुंदर अक्षरात उतरवून काढायचं काम तो करायचा. ज्या बोटांनी चेंडूला गिरकी दिली, त्याच बोटांनी टाक धरला. १९५७ साली इंग्लंडची राणी स्टॅफर्डला आली, तेव्हा तिला द्यायच्या मानपत्राचं लेखन बार्न्सकडे सोपवलं होतं. वय ८४.

मान उशिरा का होईना, आला. १९४९ साली लंडनच्या एमसीसी या क्रिकेटमधल्या जुन्या आणि मानाच्या क्लबने काही निवृत्त पगारी खेळाडूंना मानद आजीव सदस्य केलं. ज्यांना वेगळ्या दाराने आत यावं लागायचं, त्यांना समोरच्या दाराने बोलावलं. त्यात बार्न्स होता, वय ७६. हौशी आणि पगारी हा भेद इंग्लंडात १९६२ च्या शेवटी कायमचा मोडला. तोही त्याने डोळ्यांनी पाहिला. १९६३ मध्ये विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकाला शंभर अंक झाले, तेव्हा शतकातले सहा थोर खेळाडू निवडले. वरच्या काउंटीत जेमतेम दोन हंगाम काढलेला बार्न्स त्या सहांत होता. २६ डिसेंबर १९६७ रोजी, ९४ व्या वर्षी, तो आपल्या स्टॅफर्डशायरमध्येच वारला.

जाता जाता एक सांगतो. त्याच एमसीसीने बायकांना सदस्य करून घ्यायचं १९९८ साली ठरवलं. पगारी पुरुषांना दार उघडलं, त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. पहिल्या दहा मानद सदस्य बायकांमध्ये रेचेल हेहो फ्लिंट होती. इंग्लंडच्या महिला संघाची ही कर्णधार बार्न्सच्याच स्टॅफर्डशायर मुलखातली, वुल्व्हरहॅम्प्टनची. तिने अनेक वर्षं ते दार ठोठावलं होतं. दार आपोआप उघडत नाही, एवढं यातून घ्यायचं.

आता मुद्द्याचं बोलू. तुम्ही म्हणाल, बार्न्सला नाही म्हणणं परवडलं, कारण त्याच्यासारखा गोलंदाज दुसरा नव्हता. आम्ही खुरपायला नाही गेलो तर उद्या दुसरी टोळी येईल. गोधडी स्वस्तात नाही दिली तर शेजारच्या गावची देईल. अगदी खरं आहे. आणि म्हणूनच ही गोष्ट अर्धी आहे. बार्न्स एकटा होता. एकट्या माणसाच्या हातात दोनच गोष्टी असतात. मिळेल ते घेणं, किंवा उठून जाणं. तो उठून गेला, आपल्यापुरता सुटला. पण त्याच्या जाण्याने दुसऱ्या पगारी खेळाडूंचा दर एका शिलिंगने वाढला नाही. १८९६ चे ते पाचजण एकत्र उभे राहिले, पण पाचच होते, आणि त्यांच्यामागे संघटना नव्हती. इंग्लंडच्या पगारी क्रिकेटपटूंनी स्वतःची संघटना काढली ती कधी? १९६७ साली. बार्न्स वारला त्याच वर्षी.

म्हणजे एकट्याने उठून जाता येतं. राहून दर वाढवून घ्यायचा तर एकत्र बसावं लागतं. बार्न्सकडे जे कधी नव्हतं ते आपल्याकडे आहे. ते म्हणजे आपला गट. दर महिन्याला बैठक होते, वही असते, सह्या असतात. त्या वहीत आपण बचत लिहितो, कर्ज लिहितो, व्याज लिहितो. पण आपल्या कामाचा दर त्या वहीत कुठे लिहिलेला असतो का?

म्हणून येत्या बैठकीसाठी आमचं एवढंच मागणं आहे. कर्जाचे हप्ते झाले की उठू नका. वहीचं एक कोरं पान घ्या आणि त्यावर बारा महिन्यांची नावं लिहा. चैत्र-वैशाखापासून लिहा नाहीतर जानेवारीपासून, तुमच्या सोयीने. प्रत्येकीने सांगावं, कोणत्या महिन्यात हाताला काम असतं आणि कोणत्या महिन्यात नसतं. काम असताना रोज काय मिळतो, आणि तोच पैसा बारा महिन्यांत वाटला तर दिवसाला किती पडतो. भागाकार जमत नसेल तर शाळेतल्या पोरीला शेजारी बसवा. मग प्रत्येकीने आपल्या दुसऱ्या हाताचं काम सांगावं. कुणाला शिवण येतं, कुणाला पापड-कुरडया, कुणाचं अक्षर चांगलं आहे, कुणी हिशेबात पक्की आहे. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवावं, की पुढच्या सुगीला कोणत्या दराच्या खाली आपल्यातली एकही बाई जाणार नाही. आकडा छोटा असला तरी चालेल. पण तो सगळ्यांचा असावा, आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या असाव्यात.

कुणी म्हणेल, या बाया आता आडमुठ्या झाल्या. म्हणू द्या. बार्न्सलाही म्हणाले होते.

तुमच्या गटाचं ते पान कसं भरलं, कुठे अडलं, कशावर भांडण झालं, ते आम्हाला कळवा. पत्राने कळवा, नाहीतर केंद्रावर येऊन सांगा. तुमचं बोलणं पुढच्या भागात तुमच्याच आवाजात ऐकवू. आता आमचा निरोप घ्या. रामराम.